बिनचष्म्याचा

"आता दिवे घालवते हं. घाबरू नका, मिनिटभरच," वाट दाखवणारी मुलगी म्हणाली आणि गुहेतला अंधार अंगावर आला. डोळे मिटले काय, उघडे ठेवले काय, सारखंच. खाली कुठेतरी पाणी वाहत होतं.

नूलाचं मनगट कुणीतरी घट्ट धरलं. मॅलकी. तिचा दीर.

"आहेस ना गं?"

"आहे की. कुठे जाणार?"

तिनं हात सोडवून घेतला नाही. याच हातांनी त्यानं सख्ख्या भावाच्या शवपेटीला आधार दिला होता, आणि पोलिसांपुढे शपथही घेतली होती की गाडी फर्गसच चालवत होता. फर्गस, तिचा नवरा, दारूला शिवत नसे. मॅलकी त्या रात्री तर्र होता. मग शुद्धीतल्या भावानंच गाडी चालवली असणार, असं गावानं धरून टाकलं. त्या अपघातात रस्त्याकडेनं चाललेली टिअर्नींची पोर गेली, फर्गस गेला, आणि मॅलकी नामानिराळा राहिला. टिअर्नीबाई अजून चर्चमध्ये नूलाला बघून बाक बदलतात.

फर्गसला रात्री चष्म्याशिवाय हातभर पुढचं दिसत नसे. त्या रात्री त्याचा चष्मा घरी होता, खिडकीत. नूलानं कितीदा सांगून पाहिलं. विधवेचं बोलणं, कोण मनावर घेणार!

दिवे लागले. मॅलकीनं हात काढून घेतला आणि हसला. "वाढदिवसाला भावजय गुहा दाखवायला नेते. नशीब लागतं, बाई!"

नूलानं चष्म्यावरचं धुकं पुसलं.

गाडीत हॅमचं सँडविच आणि थर्मासमधला चहा झाला. मग ती त्याला मठात घेऊन गेली. मठाचं छप्पर कधीच उडून गेलेलं, भिंतींच्या आत गावातल्या जुन्या घराण्यांची थडगी. फर्गसही तिथेच होता. मॅलकीनं टोपी काढली आणि एक प्रार्थना संपेल इतका वेळ उभा राहिला. तेवढं करायला त्याला काही जड जात नसे.

कोपऱ्यात सपाट शिळेच्या खळग्यांत गोटे होते. शापाचे दगड.

"आठवतात?" नूलानं विचारलं.

"न आठवायला काय झालं! आजीनं शेजाऱ्याच्या नावानं एक उलटा फिरवला होता. त्याची गाय ठणठणीत, आमचीच आटली. शाप खोटा असला की फिरवणाऱ्याच्याच घरी परत येतो म्हणे."

"फिरव की एक. आज तुझा दिवस आहे."

"कुणाच्या नावानं?" त्यानं मजेत गोट्यावर हात ठेवलासुद्धा.

"त्या रात्री जो गाडी चालवत होता, त्याच्या."

हात थांबला. "काहीतरीच काय! फर्गस तर मेलाय."

"मग मेलेल्याला शाप काय बाधणार? फिरव."

वारा भिंतींतून घोंघावत होता. चोराच्या मनात चांदणं म्हणतात ते खोटं नाही. मॅलकीनं हात उचलला आणि कोटाच्या खिशात घातला. "असल्या गोष्टींची चेष्टा करू नये, नूला. चल, गारठा पडलाय."

नूला वाकली. दोन्ही हातांनी तिनं तो गोटा उलटा फिरवला, सावकाश, पूर्ण. नाव मोठ्यानं घेतलं नाही. खोटा असेल तर येऊ दे माझ्या घरी, तिला वाटलं. माझं दार उघडं आहे.

गाडीत बसले तेव्हा चांगलंच अंधारलं होतं. क्लेअर परगण्यात नोव्हेंबरात दिवस असाच पटकन गुंडाळला जातो.

"वाटेत टिअर्नींचं घर लागतं," नूला म्हणाली. "उतरून खरं काय ते सांगणार असशील, तर आत्ताच बोल."

मॅलकी समोरच्या काचेकडे बघत राहिला. "खरं काय, खरं काय! कितीदा सांगू? गाडी फर्गसच चालवत होता."

"बरं."

तिनं चष्मा काढला, काड्या मिटल्या आणि तो त्याच्या मांडीवर ठेवला.

"हे काय? अगं, बाहेर काळोख आहे. चष्मा घाल!"

"कशाला?" तिनं किल्ली फिरवली. "फर्गसनं नव्हता घातला. तरी बसलास ना त्याच्या शेजारी?"