वीसच्या वीस सारखी

शिकारीचा हंगाम आठवड्यावर आला होता. गराजमध्ये व्हर्लिन हातयंत्राचा दांडा ओढून रायफलच्या काडतुसांत गोळ्या बसवत होता. त्याला आता बारीक आकडे दिसत नसत, म्हणून प्रत्येक काडतुसाची लांबी त्याची बायको आर्डिथ मोजत होती. लांबी जुळली तरच नेम जुळतो.

"सारखंच," ती विसाव्यांदा म्हणाली.

व्हर्लिन हसला. "पन्नास वर्षांत माझी वीसच्या वीस कधी सारखी आली नाहीत. तुझेही डोळे गेले की काय, म्हातारे?"

 आर्डिथने एप्रनच्या खिशातून, दांडा पुरता न ओढला गेल्याने लांब राहिलेली सात काडतुसं काढून त्याच्यासमोर ठेवली. "नंतर गुपचूप नीट करणार होते."

व्हर्लिनने त्यांवरून बोट फिरवलं आणि तो स्टुलावरून उठला.

"बस इथे. दांडा तू ओढ, शिव्या मी घालतो."