काळी तीन

माणिकप्पांनी उदगीरहून लातूरपर्यंत गिटार मांडीवर धरून आणली. तीही चादरीत गुंडाळून, म्हणजे ओळखीच्या कुणी विचारायला नको. रविकांतच्या दुकानात पेट्या आणि तबले दुरुस्त होत; माणिकप्पांची भजनाची पेटी तोच नीट करायचा. चादर सोडता सोडता त्यांनी नातीची गिटार पलंगावरून पडली म्हणून सांगून टाकलं.

तारा अडकवायची घोडी एका बाजूनं उचकटली होती आणि तिच्यामागची फळी फुगली होती. रविकांत म्हणाला, घोडी काढून, सरस लावून आठवडाभर शिकंज्यात ठेवावी लागेल. वाजेल चांगली, पण वण राहणार. नाहीतर अशीच, याच रंगाची नवी गिटार भिंतीवर टांगलेली होतीच.

त्यांची नात अंबिका विष्णुपुरीच्या कॉलेजातून शुक्रवारी घरी येणार होती. आज मंगळवार. माणिकप्पांनी भिंतीकडं बोट केलं. नवी नेली की तिला कळायचंही नाही. नातीला फसवायचं म्हणून त्यांना वाईट वाटलं, पण खरं सांगणं त्याहून अवघड होतं. दिवाळीत तिनं मठातल्या सोमवारच्या भजनाला गिटार आणू का म्हणून विचारलं होतं, आणि त्यांनी चारचौघांत, देवापुढं हे खोकं नको, म्हणून तिला गप्प केलं होतं. तेव्हापासून पोरगी त्यांच्याशी कामापुरतंच बोलायची.

रविकांत नवी उतरवायला उठला. जाता जाता त्यानं जुनीच्या तारा छेडल्या, थबकला, आणि शेजारच्या पेटीची तिसरी काळी पट्टी दाबून बघितली.

"पडली न्हाई ही, आप्पा. काळी तीनला ताणलीय. गिटार याच्या खाली लावत्यात, एवढा ताण तिला सोसला न्हाई. पर ज्यानं लावली त्याचा कान लई पक्का हाय. सहाच्या सहा तारा अजून सुरात हायत."

चाळीस वर्षं पेटी वाजवलेल्या माणसाला एवढं कौतुक गिळून गप्प बसणं जमतंय थोडंच.

"म्याच लावली," माणिकप्पा बोलून गेले, आणि मग पलंगाची थाप आठवून ओशाळले.

नवी भिंतीवरच राहिली. जुनी शिकंज्यात घालायला सांगून ते दुकानाच्या पायरीवर आले आणि त्यांनी अंबिकाला फोन लावला. तू नसताना मी तुझी गिटार वाजवून बघत होतो, काळी तीनला ताणली आणि मोडली, असं एका दमात सांगून टाकलं.  माणिकप्पांना वाटलं, आता ही फोन ठेवणार.

"काळी तीनलाच का लावली, आप्पा?" तिनं विचारलं.

"आपलं सोमवारचं भजन तिथंच असतंय की."