टाकीतला दुसरा मासा

परगावी जाताना नातीने काचेच्या टाकीतले दोन गोबी मासे माझ्यावर सोपवले. प्रवाळात राहणारे, नखाएवढे जीव. सोमवारी मी पुस्तकात वाचून टाकीतलं खारं पाणी बदललं आणि एक मासा दिसेनासा झाला. बादलीबरोबर मोरीत गेला असणार. "पुस्तकं वाचून मासे सांभाळतात होय?" बायकोने टोमणा मारला. आज नात येणार, म्हणून मी सकाळपासून माफीची वाक्यं जुळवत होतो. शेवटचा प्रयत्न म्हणून वाचायचं भिंग काचेला लावलं, तर पालथ्या शिंपल्याखाली दोन डोळे! आत मोहरीहून बारीक अंडी चिकटलेली, आणि हा पठ्ठ्या परांनी त्यांना वारा घालतोय! गोबींत अंडी नरच राखतो, हे पुस्तकात वाचलं होतं. "अगं, सापडला! बाप बाळंतपण काढतोय!" आयुष्यात पहिल्यांदा एवढ्या मोठ्याने ओरडलो. तेवढ्यात बेल वाजली. दारातूनच नातीने विचारलं, "आजोबा, दोन्ही आहेत ना?" मी भिंग तिच्या हातात दिलं. "तूच मोज."