शोकेसमधली रिकामी जागा

आमच्या बव्हेरियात लग्नाच्या आदल्या संध्याकाळी नवरीच्या दारात शकुनासाठी चिनीमातीची भांडी फोडतात. पाहुणे माझ्या लेकीसाठी तडकलेल्या कपबश्या आपटत असताना सासूबाईंनी पिशवीतून पांढरी फुलदाणी काढली: साठच्या दशकातली, बिनझिलईची, खडूसारखी. मी अशा फुलदाण्या जमवतो; माझ्या शोकेसमधल्या ओळीत हिचीच जागा रिकामी होती. “आई, थांबा! कितीदा मागितली तुमच्याकडे!” “तुझ्या शोकेसमध्ये रोज दिसली असती, रायनर. मला मारलं की दुसऱ्या दिवशी तुझा सासरा फुलं आणायचा, ती मी हिच्यात ठेवायचे.” त्यांनी फुलदाणी भिरकावली, पण हातात जोर नव्हता. हिरवळीवर पडली, टवकासुद्धा उडाला नाही. मी ती सवयीने आत बोटं घालून उचलली. झिलई नसली की हाताचा डाग जात नाही. “हिला बरा जपतोस!” सासूबाई म्हणाल्या. मी बोटं काढली, फुलदाणी मुठीत आवळली आणि फरशीवर आपटली.