अण्णांची फियाट

उन्मेषने कप्पीची साखळी जोर लावून ओढली आणि गिअरबॉक्ससकट इंजिन अण्णांच्या फियाटमधून अधांतरी वर आलं. ओझं उतरताच गाडीचं नाक वीतभर उचललं गेलं. अण्णा गेल्यापासून ती घरच्या त्या चिंचोळ्या गॅरेजात धूळ खात होती. उद्या भंगारवाला येणार होता. आईला मात्र त्याने अजून सांगितलं नव्हतं.

तेवढ्यात समोरचं फाटक करकरलं. आई ते सताड उघडत होती. अण्णांनी गाडी सुरू केली की आवाज ऐकून ती अशीच लगबगीने यायची.

"आई, काय करतेस?"

"अरे, गाडी सुरू झाली ना! निघतील आता."

"सुरू कशी होईल? इंजिन हे बघ, इथे लटकतंय."

आईचं त्याच्याकडे लक्षच नव्हतं. ती त्याच्या मागे, गाडीकडे बघत होती.

उन्मेष वळला. स्प्रिंग कुरकुरली. गाडीची ड्रायव्हरकडची बाजू हळूहळू खाली दबली, जाडजूड अण्णा आत बसताना दबायची तशीच.

आईने पदर सावरला, बाजूला सरकून वाट मोकळी केली आणि नेहमीसारखं म्हणाली, "सावकाश जा हो."