आंधळ्या-बहिऱ्याची गाठ

"थांबलं का?" म्हाताऱ्यानं विचारलं.

"नाही हो!" म्हातारी ओरडली. पण फ्लशच्या टाकीत हात घालून तो पाठमोरा उभा होता, आणि तिचे ओठ दिसल्याशिवाय त्याला तिचं बोलणं कळत नसे. तिनं त्याच्या पाठीवर एक थाप मारली.

तसं ठरलंच होतं. एक थाप म्हणजे पाणी वाहतंय, दोन म्हणजे थांबलं. चारचौघांत तो भलतंच काही बोलायला लागला की ती अशीच मागून खूण करायची, त्यामुळं त्या पाठीला सवय होती.

कितीतरी दिवस ती झुळझुळ तिची झोप खात होती. तो म्हणायचा, "तुला भास होतात." त्याची झोप राजाची. आणि तिनं झाकण काढून बघावं म्हटलं, तर डोळ्यांपुढं सगळं धुकं. मग मागच्या रविवारी मुलगा आला, गच्चीवरची टाकी कोरडी ठणठणीत पाहून त्यानं कपाळाला हात लावला. "आंधळ्या-बहिऱ्याची गाठ! आता तुम्हाला इथं एकटं ठेवायचं नाही. पुढच्या रविवारी गाडी घेऊन येतो, सामान बांधून ठेवा."

आज रविवार. प्लंबरचं 'उद्या' काही उजाडलं नव्हतं, आणि घर सोडायचं दोघांच्याही जिवावर आलं होतं. म्हणून सामान तसंच टाकून दोघं सकाळपासून संडासात उभी होती.

"सोपं आहे गं. पाणी भरलं की हा फुगा वर येतो आणि नळ बंद करतो. त्याची दांडी जरा वाकवली की झालं." असं म्हणून त्यानं मोठ्या ऐटीत दांडी वाकवली, ती नेमकी वरच्या बाजूला. त्या झटक्यानं आतली बारीक नळीही निसटली. पाणी कारंज्यासारखं उडालं, त्याच्या छातीवर आणि डोक्यावरून थेट तिच्या अंगावर.

"अहो, खाली! खाली वाकवा!" तिनं ओल्या हातानं थापांचा सपाटाच लावला.

तो मोजता मोजता गोंधळला. "अगं, म्हणजे थांबलं की नाही?"

तो वळला. ती नखशिखांत भिजलेली, केस गालाला चिकटलेले. तो खो खो हसत सुटला. तिलाही हसू आवरेना, शेवटी कमोडच्या झाकणावर बसावं लागलं. इतकं हसून कितीतरी दिवस झाले होते.

मग त्यानं नळी जागेवर बसवली, दांडी खाली वाकवली आणि फ्लश ओढला. टाकी भरायला लागली. तिनं श्वास रोखून कान लावला. आवाज बारीक झाला, आणखी बारीक झाला, आणि संपला. बाहेरच्या खोलीतलं घड्याळ तिला इथपर्यंत ऐकू आलं.

तिनं एक थाप मारली. दुसरी मारली आणि हात तिथंच ठेवला.

तेवढ्यात तिला फाटकाचा आवाज आला. तिनं घाईघाईनं कोरडे कपडे चढवून डोक्याला टॉवेल गुंडाळला, जणू आत्ताच न्हाऊन आली. म्हाताऱ्यानं खुर्चीत बसून ओल्या छातीपुढं वर्तमानपत्र धरलं.

मुलगा चपला काढून तडक संडासात गेला. फ्लशचा आवाज झाला. मग टाकी भरल्यावरही बराच वेळ तो आत नुसता उभा होता.

"प्लंबर आला वाटतं शेवटी?" बाहेर येत त्यानं विचारलं.

"दोघं आले होते," म्हातारी म्हणाली. "कामाला बरे आहेत. एकाला ऐट जरा जास्त आहे."

"काय म्हणतोय तो?" म्हाताऱ्यानं वर्तमानपत्राआडून डोकावून विचारलं.

"चहा ठेवा म्हणतोय!"

म्हातारा उठून स्वयंपाकघराकडे वळला. सदऱ्याच्या पाठीवर ओल्या पंजांचे ठसे होते, एकावर एक, पाचही बोटं उमटलेले.

मुलगा त्या पाठीकडे बघत राहिला. मग गाडीची किल्ली त्यानं खुंटीला अडकवली आणि खुर्ची ओढून घेतली.

"आई," तो म्हणाला, "त्या दोघांना एकदा माझ्याकडे पाठव. माझाही नळ गळतोय."