हरेशचा हंडा

नदीकाठची एकशे बारा गावं तीन दिवस कोरडी होती. पाणी सोडण्याआधी धरणाचं यंत्र पहिल्या गावाला मागणी विचारी, ते गाव आपल्या खालच्याला. खाडीच्या तोंडाशी एकटी राहणारी पदीबाई "माझ्याखाली कुनी नाय" म्हणाली, की प्रश्न मागे फिरे आणि गावागणिक बेरीज होत वर जाई.

यंत्राची प्रोग्रामर मृण्मयी पदीबाईच्या ओट्यावर येऊन बसली. "मावशी, या वेळी तुम्ही 'आहे' म्हणालात. यंत्र अजून समुद्राच्या उत्तरासाठी थांबलंय."

"नारळी पुनवेला माझा लेक हरेश होडी घेऊन गेला, तो आला नाय. कुनी नाय, असं तोंडानं कसं म्हनू गो?"

मृण्मयीनं प्रोग्रामच्या शेवटच्या ओळीतलं, पदीबाईच्या खालच्या मागणीचं शून्य खोडलं आणि तिथे समुद्राचं उत्तर म्हणून एक हंडा लिहिला.

धरणाचे दरवाजे उघडले. थेंबाथेंबानं मोजलेल्या त्या सोळा अंकी आकड्यात हरेशचा हंडा शेवटच्या थेंबापर्यंत शाबूत होता.